पलंगाखालचे भांडे : मधुमेह, रात्रीची लघवी आणि वृद्धांची इबादत

निमगाव केतकी हे गाव नागवेलीच्या पानमळ्यांसाठी ओळखले जाते. आमच्या जमातीतील तांबोळी घराण्यांचे या पानाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. अशाच एका घरातील सत्तरी ओलांडलेले एक बुजुर्ग पहिल्या सफमध्ये, इमामाच्या मागे उजव्या हाताला उभे राहत. त्यांचे नाव येथे देत नाही. आपण त्यांना चाचा म्हणू. फजरच्या अजानपूर्वी मशिदीचे दार उघडताना पायरीवर बसलेले मी त्यांना कित्येकदा पाहिले आहे. मागच्या हिवाळ्यात ते येईनासे झाले. दोन दिवस वाटले, थंडी आहे. आठवडा उलटला तेव्हा असरनंतर त्यांच्या घरी गेलो.

चाचा बाजेवर बसून होते. चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. सलाम झाला, चहा आला. चहाला त्यांनी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने, सून आत गेल्यावर, हळू आवाजात म्हणाले, "मौलाना, माझी नमाज आता होत नाही. पाक राहता येत नाही मला."

रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागे. संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. परत येऊन पडले की वाटे, थेंब आला. पुन्हा उठायचे, पुन्हा थंड पाण्याने इस्तिंजा, पुन्हा पायजमा बदलायचा. फजरला वुजू करून निघाले की रस्त्यातच शंका येई आणि ते माघारी फिरत. यावर त्यांनी स्वतःच दोन उपाय शोधले होते. दुपारनंतर पाणी बंद, आणि साखरेची गोळीही बंद. गोळीमुळेच लघवी वाढते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

मी म्हणालो, "चाचा, हे मला आधी का नाही सांगितले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्हीच जुम्याला सांगितले होते ना, कबरीचा अजाब लघवीच्या थेंबांमुळे होतो म्हणून. मग तुमच्यासमोर कसा येऊ?"

दुसऱ्या दिवशी मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. साखर चारशेच्या वर निघाली आणि चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. अल्लाहच्या कृपेने ते बरे होऊन घरी आले. पण त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. या लेखात जे लिहीत आहे, ते त्या जुम्याला सांगायला हवे होते.

अर्धी सांगितलेली हदीस

मी सांगितलेली हदीस खरी होती. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) दोन कबरींजवळून जात असताना त्यांनी सांगितले की या दोघांना अजाब होत आहे, एक चहाडी करीत फिरत असे आणि दुसरा लघवीपासून स्वतःचा बचाव करीत नसे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. प्रश्न असा की बचाव न करणारा म्हणजे कोण? ज्याला पाणी उपलब्ध आहे, शरीर साथ देत आहे, तरी जो निष्काळजीपणे शिंतोडे अंगावर घेतो आणि तसाच उठतो, तो. ज्याचे मूत्राशय वयाने आणि आजाराने त्याच्या ताब्यात राहिलेले नाही, जो एका थेंबासाठी कडाक्याच्या थंडीत तीनदा कपडे बदलतो, तो तर बचावाची पराकाष्ठा करीत आहे. पहिल्यासाठी सांगितलेला इशारा दुसऱ्याच्या छातीवर ठेवणे ही माझी चूक होती. मिंबरवरून बोलताना समोर तरुण किती आणि वृद्ध किती, हे पाहण्याची सवय मला नव्हती.

दिनमध्ये अल्लाहने तुमच्यावर कोणतीही अडचण लादलेली नाही, असा आशय सूरह हजच्या अखेरच्या आयतीत आहे (२२:७८). यथाशक्ती अल्लाहचे भय बाळगण्याची आज्ञा सूरह तगाबुनमध्ये आहे (६४:१६). दीर्घायुष्य मिळालेल्याची शरीरघडण आपण उलटवून देतो, हे सूरह यासीन सांगते (३६:६८). ही सूरह आपण मृत्युशय्येशेजारी पढतो, पण तिच्यातील ही आयत म्हातारपणाच्या रोजच्या अडचणींशी जोडून पाहत नाही. वृद्धाची लघवी आवरत नाही, तेव्हा अल्लाहने कुरआनात सांगितलेलेच घडत असते. त्यात लाजेचे कारण कोठे आहे?

लघवी वाढते ती कशाने?

येथे थोडे वैद्यकाचे सांगतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून समजून घेतलेले, सर्वमान्य असेच तेवढे लिहितो.

आपली मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि त्यातील साखर परत रक्तात ओढून घेतात. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की हे ओढून घेणे पुरे पडत नाही आणि साखर लघवीवाटे जाऊ लागते. ती एकटी जात नाही, सोबत पाणी नेते. म्हणून लघवी वाढते आणि शरीरातील पाणी गेल्याने तहानही वाढते. प्राचीन भारतीय वैद्यांनी या रोगाला मधुमेह म्हटले ते लघवीच्या गोडीमुळेच, आणि इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या 'अल्‌-कानून' या ग्रंथातही या आजाराचे वर्णन आहे.

आता चाचांचे दोन्ही उपाय पाहा. त्यांनी गोळी बंद केली, म्हणून साखर वाढली. साखर वाढली म्हणून लघवी वाढली. पाणी बंद केले, पण साखर शरीरातील उरलेसुरले पाणी बाहेर ओढतच राहिली. वृद्ध माणसाच्या बाबतीत ही कोरड जिवावर बेतू शकते. गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटते की वय झाले.

त्यांच्या घरच्यांना आणखी एक आश्चर्य वाटत होते. चाचा आयुष्यभर सडपातळ. साखरेचा आजार लठ्ठ लोकांचा, मग त्यांना कसा? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आयुष्यभराचे संशोधन याच कोड्यावर आहे. पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधील माता आणि बालकांचा अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला. आपल्याकडील बालक जन्मतः बारीक दिसते, पण त्याच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा 'आमचे अब्बा काटकुळे आहेत, त्यांना साखर नसणार' हे म्हणणे पुणे जिल्ह्यात तरी कोणी करू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आपल्या उसाच्या पट्ट्यात दिवसाला गोड चहाचे किती कप होतात, ते ज्याने त्याने मोजावे.

मात्र रात्री उठावे लागण्याचे खापर प्रत्येक वेळी साखरेवर फोडू नये. पुरुषांमध्ये उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, पुरती झाली असे वाटत नाही. स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि ओटीपोटाच्या स्नायूंचा सैलपणा ही सामान्य कारणे आहेत. दिवसभर पायांत उतरलेली सूज रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवी होऊन बाहेर पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. त्या सकाळी घ्यायच्या की कधी, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी काही तर मुद्दामच साखर लघवीवाटे बाहेर काढतात. म्हणजे चाचांना ज्याने गोळीबद्दल सांगितले, त्याच्या बोलण्यात एखाद्या विशिष्ट गोळीपुरते तथ्य असू शकेल. पण त्यावरचा उपाय गोळी दाखवून डॉक्टरांशी बोलणे हा आहे, ती फेकून देणे हा नाही. हृदयाचा विकार, झोपेत श्वास अडकणे, हीसुद्धा कारणे असतात.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक साधे काम घरी करता येते. तीन दिवस वहीत लिहावे : किती वाजता लघवी झाली, अंदाजे किती झाली, केव्हा किती पाणी अथवा चहा घेतला. लिहिता येत नसेल तर नातवाला बसवावे. 'रात्री फार उठावे लागते' या वाक्यापेक्षा हा कागद डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतो. पाणी दिवसा भरपूर प्यावे. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी करावे, चहा त्या वेळी टाळावा. पायांना सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे. इशानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते, आपल्याकडे मात्र इशानंतर चहाची एक फेरी ठरलेली असते.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासला जातो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ किंवा त्याहून अधिक आली आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसेच दिसले, तर मधुमेह ठरतो. वृद्धांची साखर किती खाली ठेवायची, याचे माप तरुणांपेक्षा थोडे सैल असते. कारण म्हाताऱ्या माणसाची साखर एकदम उतरणे हे वाढण्याइतकेच धोक्याचे. रात्री दरदरून घाम, थरथर, गोंधळ असे दिसले तर आधी साखर किंवा गूळ द्यावा, मग चर्चा करावी.

प्रेषितांच्या (स.) पलंगाखालचे भांडे

चाचांच्या घरून परतल्यावर त्या रात्री मी 'सुनन अबू दाऊद' उघडली. मदरशात ही हदीस मी पढली होती, परीक्षेत तिच्यावरील प्रश्नही सोडवला होता. तिचा उपयोग कोणाला होणार, हे मात्र तेव्हा सुचले नव्हते. ह. उमैमा बिन्ते रुकैका (रजि.) सांगतात की प्रेषितांच्या (स.) पलंगाखाली लाकडी भांडे असे आणि रात्री ते त्यात लघवी करीत. 'नसाई'मध्येही ही रिवायत आहे. इमाम अबू दाऊद (रह.) यांनी तर यासाठी स्वतंत्र प्रकरणच बांधले आहे : माणसाने रात्री भांड्यात लघवी करणे आणि ते आपल्याजवळ ठेवणे.

जरा विचार करा. ज्यांच्याइतकी पाकी कोणाची नव्हती, ज्यांच्या घरी जिब्रईल (अलै.) येत, त्यांच्या पलंगाखाली रात्री हे भांडे असे. आणि आपल्या घरात सत्तर वर्षांच्या वडिलांच्या खाटेखाली असे भांडे ठेवायचे म्हटले की कोणी नाक मुरडतो, कोणी म्हणतो फरिश्ते येणार नाहीत! घरात लघवी साठवून ठेवण्याची मनाई सांगणारी एक रिवायत अन्यत्र आढळते. विद्वानांनी दोहोंचा मेळ असा घातला की भांडे दीर्घकाळ तसेच पडू देऊ नये, सकाळी रिकामे करून धुवावे.

आजकाल झाकणाचे प्लास्टिकचे भांडे औषधांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. खाटेशेजारी ठेवायची कमोडची खुर्चीही मिळते. यामुळे वाचते ते अंगणातील अंधाऱ्या वाटेवरचे पडणे. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड बहुधा अशाच एखाद्या फेरीत मोडते, आणि त्यानंतर तो माणूस पूर्वीसारखा चालतोच असे नाही. उठताना एकदम उभे राहू नये. खाटेच्या काठावर मिनिटभर बसावे, मग उठावे. वाटेवर मंद दिवा असावा, घसरणारी पायपुसणी काढून टाकावी.

इस्तिंज्याचे काय? रात्री प्रत्येक वेळी पाण्यापर्यंत जाणे आवश्यक नाही. लघवी आपल्या जागेपलीकडे पसरली नसेल तर शोषून घेणाऱ्या स्वच्छ कागदाने पुसणे पुरेसे आहे. पूर्वी ढेकळाने होत असे तेच हे. फजरला उठल्यावर पाण्याने धुवावे. थंडीत सहा वेळा गार पाण्याशी झगडणाऱ्या माणसाला हा एक मसला कळला असता, तर त्याचा अर्धा त्रास गेला असता.

माजूर कोण?

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. वारंवार लघवीला जावे लागणे वेगळे आणि लघवी थेंबथेंब गळत राहणे वेगळे. ज्याला तासाला जावे लागते, पण मधल्या वेळात तो कोरडा असतो, तो शरियतच्या दृष्टीने माजूर नाही. तो जाऊन येईल, वुजू करील, नमाज पढेल. उलट लघवी दाबून धरून जमातीत उभे राहणे मकरूह आहे; 'मुस्लिम'मधील ह. आयेशा (रजि.) यांची हदीस याविषयी स्पष्ट आहे. तेव्हा सफ सोडून जाणाऱ्या वृद्धाकडे वळून पाहू नये. तो मसल्याप्रमाणेच वागत असतो.

माजूर तो, ज्याची गळती एका नमाजच्या संपूर्ण वेळेत इतकी सतत असते की वुजू करून केवळ फर्ज अदा करण्याइतकी फटही मिळत नाही. एकदा अशी स्थिती सिद्ध झाली, की पुढील प्रत्येक नमाजच्या वेळेत एकदा जरी गळती झाली तरी तो माजूरच राहतो. एखाद्या नमाजची पूर्ण वेळ कोरडी गेली म्हणजे ही स्थिती संपते. माजूराने प्रत्येक नमाजची वेळ सुरू झाल्यावर वुजू करावा. त्या वुजूने त्या वेळेत फर्ज, सुन्नत, नफिल, तिलावत सर्व काही करावे. थेंब आला तरी त्या कारणाने वुजू तुटत नाही; वेळ संपली की तुटतो. हे हनफी फिकहप्रमाणे आहे. आपले कोकणी बांधव शाफई मसलकचे आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू सांगितला आहे, तपशील त्यांनी आपल्या आलिमांना विचारावा. या मसल्याचे मूळ ह. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. त्यांना रक्तस्राव थांबत नसे, प्रेषितांनी (स.) त्यांना नमाज सोडायला सांगितले नाही, प्रत्येक नमाजसाठी वुजू करायला सांगितले.

कपड्यांविषयी : नमाज पुरी होण्याच्या आत पुन्हा ओला होईलच अशी स्थिती असेल तर तो धुण्याची सक्ती नाही. तसे नसेल तर धुवावा किंवा बदलावा. डायपर किंवा पॅड वापरणाऱ्याने शक्य तर नमाजपूर्वी बदलावे. बदलायला कोणी नसेल, स्वतःला जमत नसेल, तर आहे त्या स्थितीत नमाज पढावी. पण सोडू नये. एक बंधन मात्र आहे. माजूराने निरोगी लोकांची इमामत करू नये. घरात दादाजींच्या मागे नमाज पढण्याची रीत असेल, तर ही गोष्ट त्यांना एकांतात, अदबीने सांगावी.

चाचांशी मी बसून हिशेब केला, तेव्हा ते माजूर नाहीत असे निघाले. त्यांना थेंब येत नव्हता; थेंब आल्याची शंका येत होती. हा वसवसा होय. नमाजमध्ये काहीतरी झाल्यासारखे वाटणाऱ्याने आवाज ऐकल्याशिवाय वा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. त्यावरून फकीहांनी नियम बांधला की खात्री शंकेने नष्ट होत नाही. लघवी झाल्यावर थोडे थांबावे, खाकरावे, चार पावले चालावे, मन निश्चिंत झाले की धुवावे आणि विषय संपवावा. वाटल्यास कपड्यावर वरून थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे ओल जाणवली तरी ती पाण्याची समजता येईल. पायजमा उघडून पुन्हा पुन्हा पाहणे हे तकव्याचे लक्षण नव्हे. मात्र प्रोस्टेटच्या आजारात थेंब खरोखर मागाहून येतो. तेथे वसवसा म्हणून टाळू नये, डॉक्टरांना दाखवावे आणि नमाजच्या बऱ्याच आधी मोकळे होऊन घ्यावे.

वुजू आणि पायाची तपासणी

मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. काटा टोचला, चप्पल चावली, तरी कळत नाही आणि जखम चिघळते. डॉक्टर सांगतात, रोज पाय पाहा. अल्लाहने आपल्याला दिवसातून पाच वेळा पाय धुवायला लावले आहेत! बोटांमध्ये बोट घालून खिलाल करणे सुन्नत आहे. तेच करताना भेगा, फोड, लाली पाहून घ्यावी. वाकून दिसत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातीला पाहायला सांगावे. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. ओल राहिली की तेथे बुरशी धरते. हिवाळ्यात गरम पाणी आधी कोपराने अजमावावे, पायाने नव्हे; पायाला चटका कळणार नाही. जखम असेल आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका असे सांगितले असेल, तर पट्टीवरून ओला हात फिरवावा. तोही अपायकारक असेल तर तेवढा भाग सोडावा. उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या फरशीवरून जुहरला अनवाणी चालणाऱ्या बुजुर्गांसाठी चटई अंथरलेली असावी.

कलौंजी, खजूर आणि मध यांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण प्रश्न याच तिघांविषयी सर्वाधिक येतात. खजूर सुन्नत आहे, मधात शिफा आहे, कलौंजीची हदीस 'बुखारी'त आहे. या सर्वांवर आपली श्रद्धा आहे. पण सुन्नत असल्यामुळे खजुरातील साखर रक्तात जायची थांबत नाही. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा केली आहे आणि म्हातारपण वगळता प्रत्येक आजाराला औषध आहे असे सांगितले आहे. कलौंजी खायची तर खावी, पण गोळीच्या जागी नव्हे. काही बुजुर्ग इन्सुलिनला नाही म्हणतात, कारण ते डुकरापासून बनते असे त्यांनी ऐकलेले असते. पूर्वी गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडापासून ते काढीत, हे खरे. १९८२ पासून मानवी इन्सुलिन प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होऊ लागले आणि आज आपल्याकडे सर्रास तेच मिळते.

रमजानचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तेवढे एकच सांगतो : २००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली, तेव्हा रमजानमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात साडेसात पट वाढलेले दिसले. म्हणून शाबानमध्येच डॉक्टरांना भेटावे. ज्याला डॉक्टर मना करतात आणि पुढेही बरे होण्याची आशा नाही, त्याच्यासाठी फिदयाचा मार्ग अल्लाहने ठेवला आहे (२:१८४).

घर आणि मशीद

आईवडील म्हातारपणी तुमच्याजवळ असतील तर त्यांना 'उफ' देखील म्हणू नका, असा आदेश सूरह बनी इस्राईलमध्ये आहे (१७:२३). तफसीरकारांपैकी मुजाहिद (रह.) यांनी या आयतीचा संबंध नेमका याच प्रसंगाशी जोडला आहे : लहानपणी त्यांनी तुमचे मलमूत्र किळस न करता काढले, तेव्हा त्यांच्या म्हातारपणी तुम्ही किळस दाखवू नका. पहाटे भांडे कोण रिकामे करणार, हा प्रश्न घरात सुनेवर सोडून दिला जातो. तो मुलाचा प्रश्न आहे. वडिलांची लाज मुलापुढे कमी असते, आणि आयतीतील संबोधनही आधी मुलालाच आहे. आईबाबत मुलीने वा सुनेने हळूच विचारावे. आपल्या दादी-नानी ही गोष्ट स्वतःहून कोणाला सांगणार नाहीत, आशाताईंना तर नाहीच.

आणि मशीद? आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला असते. एका रात्रीच्या मुक्कामासाठी फिरत्या शौचालयांची रांग उभी राहते, आणि ती राहिलीच पाहिजे. मग बारा महिने पाच वेळा येणाऱ्या आपल्या वीस-पंचवीस वृद्धांसाठी एक कमोड, भिंतीला धरायची दांडी आणि रात्रभर जळणारा एक दिवा आपण का लावू शकत नाही? एका बदूने मस्जिदे-नबवीतच लघवी सुरू केली, तेव्हा सहाबा धावून गेले, प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले, त्याला मध्येच तोडू नका म्हणाले, आणि नंतर त्या जागेवर पाणी ओतायला लावले. मशिदीत चुकून थेंब सांडलेल्या म्हाताऱ्यावर ओरडणाऱ्यांनी ही हदीस आठवावी.

माझ्याकडचाही एक हिशेब बाकी होता. फजरमध्ये लांब सूरह पढण्याची मला हौस आहे. प्रेषितांनी (स.) इमामांना ताकीद दिली आहे की मागे दुर्बल, आजारी आणि वृद्ध असतात, म्हणून नमाज हलकी ठेवावी. माझ्या मागे उजव्या हाताला उभा असणारा माणूस दुसऱ्या रकातीत दात आवळून उभा असतो, हे मला दोन वर्षे कळले नव्हते. आता आधी मागे वळून पाहतो, मग सूरह ठरवतो.

जमातीने दाराजवळच्या बाजूला शेवटच्या सफमध्ये दोन खुर्च्या ठेवल्या. कमोड बसवायला दोन महिने लागले. वर्गणीपेक्षा वादच अधिक झाला. चाचा आता त्या खुर्चीवर बसतात. पहिली सफ सुटल्याचे त्यांना वाईट वाटते, हे ते लपवीत नाहीत. गोळ्या वेळेवर घेतात, रात्री दोनदा उठतात, कधी तीनदा.

इंदापूरहून भांडे आणले त्या संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. खाटेच्या उशाशी भिंतीतल्या कोनाड्यात कुरआन शरीफ आणि रेहल होती. म्हणाले, "मौलाना, हे खाली ठेवायचे आणि ते वर, जमेल का?" मी म्हणालो, "भांड्याला झाकण आहे चाचा, आणि कुरआन उंचावर आहे. पण तुमच्या मनाला लागत असेल तर जागा बदलू." त्यांनी क्षणभर विचार केला. मग नातवाला हाक मारली, रेहल समोरच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवायला सांगितली, आणि भांडे स्वतः वाकून खाटेखाली सरकवले.